खलनायकाचा गणवेष आणि सत्तेचे साधे कपडे

(तळोजे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तळोज्याला लागून असलेल्या खारघरमध्ये ऑगस्ट २००६ मध्ये एक उपाहारगृह सुरू झाले. त्याचे नाव होते ‘हिटलर्स क्रॉस’. नावाबरोबर नाझींचे स्वस्तिक होते आणि खुद्द हिटलरची तसबीरही होती. मुंबईतील ज्यू नागरिकांनी याचा निषेध केला, वर्तमानपत्रांतून गवगवा झाला आणि अखेर चालकांना नाव बदलावे लागले. त्यांचा खुलासा असा होता की, लोकांच्या लक्षात राहील असे नाव हवे होते, त्यापलीकडे काही हेतू नव्हता.

हा खुलासा खोटा मानण्याचे कारण नाही, आणि खरी चिंतेची बाब तीच आहे. ज्या पनवेल तालुक्यात हे घडले, त्याच तालुक्यात बेने इस्राएल समाजाचे बेथ एल सिनेगॉग एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारा, शनिवारी काम बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला, घरात मराठी बोलणारा हा समाज. युरोपात साठ लाख ज्यूंची हत्या करणाऱ्या माणसाचे नाव त्यांच्या शेजारी जेवणाच्या पाटीवर लिहिताना कुणाचा हात अडखळला नाही. यामागे द्वेष असता तर त्याच्याशी लढता आले असते. येथे द्वेष नव्हता. हिटलर ही एक वेषभूषा आहे, एवढीच समजूत होती.

ही समजूत आली कोठून? तिचा एक मोठा उगम रुपेरी पडद्यावर आहे.

मे १९८७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘मिस्टर इंडिया’ हा शेखर कपूर दिग्दर्शित चित्रपट महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांनी पाहिला. त्यातील मोगॅम्बो एका बेटावर राहतो, सोनेरी कलाबूत केलेला लष्करी थाटाचा अंगरखा घालतो आणि त्याचे सैनिक ‘हेल मोगॅम्बो’ असा जयघोष करतात. या जयघोषाचा मूळ जर्मन नमुना प्रेक्षकाला सांगावा लागत नाही. धनी सांगेल तेव्हा हे सैनिक मुकाट्याने मृत्यूच्या कुंडात उडी घेतात. त्याआधी १९८० साली ‘शान’मध्ये शाकाल अशाच बेटावरून राज्य करून गेला होता. पाश्चात्त्य देशांत यापेक्षा वेगळे घडलेले नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील दुष्ट साम्राज्याचे अधिकारी जर्मन सैन्याच्या धर्तीचे कपडे घालतात, आणि त्यांच्या शिपायांना दिलेले नावही हिटलरच्या टोळ्यांच्या नावावरूनच आले आहे. १९६२ साली पडद्यावर आलेल्या जेम्स बाँडच्या पहिल्या चित्रपटात डॉक्टर नो याच्या अंगात बंद गळ्याचा कोट आहे. आपल्याकडे तो प्रतिष्ठित माणसाचा पोशाख. लंडनच्या निर्मात्याला मात्र तोच कोट प्रेक्षकाच्या मनात पूर्वेकडील एखादा हुकूमशहा उभा करण्यास पुरेसा वाटला.

या सर्व खलनायकांत तीन गोष्टी समान आहेत. ते दूर असतात, बेटावर किंवा अंतराळात. त्यांचे कपडे त्यांची जात सांगतात, त्यामुळे कोण दुष्ट आणि कोण सज्जन हे ओळखण्यासाठी प्रेक्षकाला विचार करावा लागत नाही. आणि तो एकटा माणूस मेला की अन्याय संपतो. तीन तासांच्या करमणुकीसाठी ही रचना सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु तीच रचना राजकीय शिक्षण म्हणून मनात मुरली, तर हुकूमशाही नेहमी बाहेरून येते आणि येताना बूट वाजवीत येते, असा भाबडा विश्वास निर्माण होतो.

गणवेषातील प्रत्येक खलनायकाला या आरोपाखाली उभे करणे मात्र अन्यायाचे होईल. चार्ली चॅप्लिनने १९४० साली ‘द ग्रेट डिक्टेटर’ प्रदर्शित केला, तेव्हा हिटलर जिवंत होता, पॅरिस त्याच्या ताब्यात होते आणि अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती. चॅप्लिनच्या हुकूमशहाच्या दंडावर स्वस्तिकाऐवजी दुहेरी फुली होती. त्या फुलीमागे कोण आहे हे कुणालाही विचारावे लागले नाही. तो गणवेष चालू काळातील सत्ताधीशाकडे बोट दाखवीत होता. मोगॅम्बोचा गणवेष कोणाकडेही बोट दाखवीत नाही. फरक शिलाईचा नाही, रोखाचा आहे.

आता ज्या राजवटीवरून हे कपडे घेतले, तिच्याकडे वळू. एस.एस.चा काळा गणवेष दरारा बसावा म्हणूनच आखलेला होता. तो शिवणाऱ्या कारखानदारांत ह्यूगो बॉस होता, आणि युद्धकाळात त्याच्या कारखान्यात पोलंड व फ्रान्समधून आणलेले सक्तीचे मजूर राबत होते. पडद्यावर अंगरखा दिसतो. त्याच्या शिवणीतील वेठबिगार दिसत नाही. कामगार चळवळीतील माणसाने मात्र ती आधी पाहावयास हवी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळील वानझे येथे एका बंगल्यात पंधरा अधिकारी जमले. युरोपातील ज्यूंच्या संहाराची कोणत्या खात्याने कोणती जबाबदारी घ्यावयाची, याचा समन्वय त्यांनी सुमारे दीड तासात केला. त्यांतील अनेकजण नागरी खात्यांचे प्रतिनिधी होते आणि निम्म्याहून अधिकांनी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. त्या बैठकीचे टिपण करणारा आइकमन १९६१ साली जेरुसलेमच्या न्यायालयात काचेच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगावर साधा सूट आणि डोळ्यांवर चष्मा होता. राक्षस पाहावयास आलेल्यांना एक कारकुनी वळणाचा माणूस दिसला. हॅना आरेंट यांनी त्या खटल्यावर लिहिलेल्या ग्रंथावरून आजही वाद चालतो. परंतु गणवेष उतरविल्यावर क्रौर्य ओळखू येत नाही, हा त्या पिंजऱ्याने दिलेला धडा वादातीत आहे.

भारताला हा धडा शिकण्यासाठी जेरुसलेमला जाण्याची गरज नव्हती. २५ जून १९७५ च्या रात्री जी आणीबाणी आली, तिच्या अंगावर लष्करी अंगरखा नव्हता. ती खादी नेसून आली, राष्ट्रपतींच्या सहीने आली, आणि संविधानातील कलमाचा आधार घेऊन आली. रस्त्यावर रणगाडे नव्हते. गाड्या वेळेवर धावतात याचे कौतुक होते. शहा आयोगाच्या नोंदीनुसार ३४,९८८ माणसे एकट्या ‘मिसा’खाली स्थानबद्ध झाली. मधु लिमये, मधु दंडवते, मृणाल गोरे यांना तुरुंगात टाकणारा हुकूम टंकलिखित होता. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी बोलल्या आणि पुढे त्यांनाही कारावास घडला. अमृत नाहटांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती याच काळात नष्ट करण्यात आल्या. मोगॅम्बोने कोणत्याही सरकारला अस्वस्थ केले नाही. खुर्चीवरील साध्या माणसांची टिंगल मात्र सत्तेला सोसवली नाही. कोणता खलनायक खरा, याची पारख सत्ताधाऱ्यांना प्रेक्षकांपेक्षा चांगली असते.

मराठी चित्रपटाने याच सुमारास वेगळी वाट धरली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. ज्या शहरातून काळ्या गणवेषाने युरोप तुडविला, त्या शहरात महाराष्ट्राने दाखविलेला सत्ताधीश होता धोतर नेसणारा, साखर कारखाना चालविणारा, विकासाची भाषा बोलणारा हिंदुराव धोंडे पाटील. निळू फुले यांनी तो उभा केला. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात घडलेले. आयुष्यभर समाजवादी चळवळीशी आणि सामाजिक कृतज्ञता निधीसारख्या कामाशी जोडलेले. पडद्यावरील त्यांचा सरपंच, पाटील किंवा साखरसम्राट पाहून खेड्यांतील स्त्रिया प्रत्यक्षात त्यांचा राग करीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मोगॅम्बोचा असा राग कुणी केल्याचे ऐकिवात नाही. त्याच्याकडे पाहून मुले हसली आणि त्याची नक्कल केली. कारण मोगॅम्बो कुणाच्याही गावात राहत नव्हता; हिंदुराव प्रत्येकाच्या तालुक्यात होता.

‘सामना’तील मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, हिंदुरावाशी शस्त्राने लढत नाही. त्याच्यापाशी बळ नाही, पद नाही, त्यातून दारूचे व्यसन. तो फक्त विचारीत राहतो की मारुती कांबळेचे काय झाले. एका नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा हा एक प्रश्न त्या सगळ्या वैभवाला पुरून उरतो. लोकशाहीवाद्यांचे हत्यार याहून मोठे नसते, आणि ते बोथटही होत नाही.

हे हत्यार तळोज्यात कोठे चालवावयाचे? ऑगस्ट २०१७ मध्ये येथील औद्योगिक वसाहतीच्या परिसरात, कासाडी नदीच्या आसपास, निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि जगभर छायाचित्रे छापून आली. रंगाचे सांडपाणी त्याला कारण होते; प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याला काम बंद करण्याचा आदेशही दिला. ‘मिस्टर इंडिया’त धान्यात खडे मिसळणाऱ्यांना अदृश्य नायक तेच खडे खावयास लावतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. कासाडीच्या काठी अदृश्य नायक नाही. तेथे परवाना आहे, तपासणीचा अहवाल आहे, सही आहे. नदीत रंग सोडण्यासाठी कुणाला सोनेरी अंगरखा घालावा लागत नाही.

आणि तळोज्यात मध्यवर्ती कारागृह आहे. आदिवासींमध्ये काम करणारे जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी भीमा-कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक होऊन या कारागृहात आले. वय त्र्याऐंशी. कंपवातामुळे हातात पेला स्थिर राहत नसे. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाणी पिण्यासाठी नळी व सिपर मिळावा असा अर्ज विशेष न्यायालयात केला, तेव्हा उत्तर देण्यासाठी तपास यंत्रणेने वीस दिवसांची मुदत घेतली. आपण त्यांच्या वस्तू घेतल्याच नव्हत्या, असे त्या यंत्रणेचे म्हणणे होते. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, मुंबईच्या रुग्णालयात ते वारले. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाले नव्हते. खटला उभाही राहिला नव्हता. या हकिकतीत कुणी बूट आपटले नाहीत. कुणी क्रूरपणे हसले नाही. एका वृद्धाच्या तहानेला एक तारीख मिळाली, आणि ती देताना सर्व कागद नियमाप्रमाणे होते.

या उदाहरणावरून लगेच ‘येथे हिटलरशाही आली’ अशी घोषणा करणे ही दुसरी चूक ठरेल. ज्या देशात वानझेच्या बंगल्यातला ठराव झाला, तेथे नळीसाठी अर्ज करता आला नसता आणि त्याची बातमीही छापून आली नसती. प्रत्येक अन्यायाला नाझी गणवेष चढविणारा कार्यकर्ता नकळत चित्रपटाचीच भाषा बोलू लागतो. ऐकणारा आजूबाजूला पाहतो, त्याला कोठेही काळा अंगरखा दिसत नाही, आणि कार्यकर्त्याचे सगळेच म्हणणे तो अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारतो. म्हणून शब्द काटेकोर हवेत. जामीन अडला असेल तर जामीन म्हणावे, नदी बिघडली असेल तर नदी म्हणावे, आणि सही कोणाची हे विचारावे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. गणवेष म्हटला की तो अंगावर घालणाऱ्याचा तिरस्कार करण्याची सवय चळवळीला परवडणारी नाही. तळोज्याच्या कारखान्यांच्या दारांवर जे रखवालदार उभे असतात, त्यांतील कितीतरी कंत्राटी कामगार आहेत. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या त्या माणसाच्या खांद्यावरील फीत ही सत्ता नव्हे. बहुतेक वेळा ती त्याच्या पोटाची खूण असते. ज्याच्या हुकमाने तो फाटक बंद करतो, तो माणूस आत वातानुकूलित खोलीत साध्या सदऱ्यात बसलेला असतो. मोर्चा फाटकाशी थांबला तर एक कामगार दुसऱ्या कामगाराच्या छातीला भिडतो, एवढेच घडते. शिवाय अमरीश पुरींनी मोगॅम्बो होण्यापूर्वी सुमारे दोन दशके कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो दरारा शिंप्याने आणि नटाने मिळून तयार केलेला होता, आणि दिव्यांबरोबर मालवणारा होता. फायलीत बसलेला दरारा दिवे मालवल्यावरही शिल्लक राहतो.

म्हणून अभ्यासवर्गांतून ‘सामना’ दाखवावा, ‘द ग्रेट डिक्टेटर’ दाखवावा, आणि मुले मोगॅम्बो पाहत असतील तर त्यांना अडवूही नये. मात्र चित्रपट संपल्यावर त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवावा : याचा अंगरखा काढून घेतला आणि याला आपल्या तालुक्याच्या कचेरीत बसविले, तर तुम्ही याला कशावरून ओळखाल? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. काही जण म्हणतील, तो ओरडेल त्यावरून. काही म्हणतील, तो मारील त्यावरून. एखादी मुलगी कदाचित म्हणेल, की त्याला प्रश्न विचारला तर तो उत्तर देणार नाही, त्यावरून. त्या मुलीला पुढच्या वेळी अर्ज कसा लिहावा, माहिती कशी मागावी आणि उत्तर न आल्यास वरच्या पायरीवर कसे जावे, हे शिकविणे हे या वर्गाचे काम आहे.