धान्य आणि घास



आजचा विषय जेवणाचा आहे आणि आपणां सर्वांची रात्रीची जेवणे अजून व्हावयाची आहेत. भुकेल्या श्रोत्यांस हा विषय लवकर पटतो, म्हणून ही वेळ आम्ही सोयीचीच मानतो.

अन्नदानाची परंपरा आपल्याकडे नाही असे कोणी म्हणणार नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांस गावोगाव जेवू घालणारा हा मुलूख आहे. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाची मंडळी यांनी पुण्याजवळ धनकवडीस भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले. संकट आले की वर्गणी जमते, चुली पेटतात. परंतु आमचा आजचा प्रश्न दुष्काळाचा नाही. पाऊस वेळेवर पडला, गोदामे भरली, शिधापत्रिकेवरचे धान्य घरी आले, आणि तरीही घरातले मूल खुरटलेलेच राहिले, तर त्याचे कारण काय, हा आमचा प्रश्न आहे.

२०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबांस माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांस ३५ किलो धान्य हा हक्क ठरला. २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत झाले. ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु कायदा अमलात आल्यावर पाच-सहा वर्षांनी, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५ उंचीने खुरटलेली व शेकडा ३६ वजनाने कमी आढळली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींस रक्तक्षय होता.

असे का व्हावे? एक कारण उघड आहे. तांदूळ आणि गहू यांनी पोट भरते. डाळ, पालेभाजी, दूध, अंडे यांचे काम त्यांनी होत नाही. दुसरे कारण घरात दडलेले आहे. धान्य घरात येते, पण घास कोणाच्या तोंडी जावा हे घराची रीत ठरविते. आधी पुरुष, मग मुले, आणि उरलेसुरले बाईच्या वाट्याला. मग ती गरोदर का असेना. शिवाय जी बाई दिवस उगवताच मजुरीला निघते, तिच्यापाशी सरपण आणि सवड दोन्ही बेताचीच. म्हणून आमचे म्हणणे असे, की धान्य घरापर्यंत पोचविणे हे अर्धे काम झाले. ज्याला गरज आहे त्याच्या पानात शिजलेला घास पडणे, हे उरलेले अर्धे.

हे अनुभवाने पटलेले आहे. १९९५ साली शाळकरी मुलांच्या आहाराची योजना देशभर निघाली, तेव्हा बहुतेक राज्यांनी मुलामागे महिना ३ किलो धान्य वाटले. ते पिशवीतून घरी गेले आणि घरच्या डब्यात मिसळले. मद्रासकडे मात्र कामराजांनी १९५६ पासूनच शाळेत शिजवलेले जेवण वाढावयास आरंभ केला होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस शिजवलेलेच अन्न देण्याचा हुकूम केला, आणि शाळाशाळांतून पंगती बसू लागल्या. प्राथमिक शाळेतल्या मुलास ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. या पंगतीत आणखी एक गोष्ट घडते. तेथे कोणाची जात विचारून पान मांडता येत नाही.

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडे किंवा केळे. तिने तेथे बसून जेवावे, हेच योजनेचे मर्म आहे. पदर आडवा धरून अन्न घरी नेले की त्याचे पाच वाटे होतात.

कोणी म्हणेल, असे फुकट खाऊ घालून माणसे आळशी होतात. त्यांना आम्ही पुण्यातलेच उदाहरण देतो. बाबा आढावांच्या पुढाकाराने संघटित झालेल्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. दिवसभर पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ताजी भाकरी आणि कालवण, ना नफा ना तोटा या दराने, कामाच्या जागेजवळ मिळू लागले. तेथे जेवणारा पैसे मोजून जेवतो, आणि केंद्र त्याच्याच संघटनेचे असते. याउलट १९९५ ची सरकारी एक रुपयातली झुणका-भाकर पाहा. अनुदान आटले आणि बहुतेक केंद्रे बंद पडली किंवा तेथे दुसरेच जिन्नस विकले जाऊ लागले. भाकरी दोन्हीकडे होती. पण एका ठिकाणी चूल कोणाची हे जेवणाऱ्यास ठाऊक होते. दुसरीकडे ती कोणाचीच नव्हती.

सरकारने हात काढून घ्यावा असा याचा अर्थ नव्हे. एवढ्या मुलांची पाने वर्गणीवर मांडता येणार नाहीत. पैसा सरकारनेच घातला पाहिजे. परंतु चुलीवर नजर गावाची हवी. ती नसली की डाळ पातळ होते, भाजी गळते, आणि आठवडाभर नुसती खिचडी शिजते. स्वयंपाक करणाऱ्या बायांचे मानधन तुटपुंजे, आणि तेही वेळेवर हाती पडेल असे नाही. मग चौरस जेवणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. म्हणजे नजर ठेवण्याचा अधिकार कागदावर आहेच. तो वापरावयाचा आहे. आपण येथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुले त्या पंगतीत बसत नाहीत, आणि नेमके म्हणूनच ती पंगत आपल्या नजरेआड राहते. शाळा उघडल्या की आपल्या वस्तीतील पालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत एक दिवस दुपारी जावे. मुख्याध्यापकांस विचारून मुलांच्या रांगेत बसावे आणि तेच जेवावे. डाळीत डाळ आहे का ते पाहावे. वाढणाऱ्या बाईंना मानधन कधी मिळाले ते विचारावे. जे दिसेल ते समितीपुढे मांडावे, आणि महिन्याने पुन्हा जावे.

याला वर्गणी लागत नाही, फक्त एक दुपार लागते. तेवढी आपण द्यावी, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.