शाळेची ओसरी कुणाची?

(फर्दापूर येथे सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याच्या ओघातले काही संदर्भ गाळून छापत आहोत.)

मैत्रिणींनो, आज्यांनो, आणि मागे खिडकीपाशी उभ्या असलेल्या दादांनो,

तुम्ही बाहेर का उभे? आत या. सतरंजीवर भरपूर जागा आहे. खुर्च्या मुद्दामच मांडलेल्या नाहीत. त्याचं कारण पुढे बोलण्यात येईलच.

आज ३ जानेवारी. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. सकाळी या शाळेत मुलींनी नऊवारी नेसून त्यांचं चरित्र सांगितलं. शेणगोळे, दगड, पिशवीतली दुसरी साडी, सगळं त्यांना पाठ होतं. माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. तेव्हा चरित्र मी पुन्हा सांगत नाही. मला आज बोलायचंय ते शाळेच्या इमारतीबद्दल. म्हणजे या भिंती, ही ओसरी, हे पटांगण. इथं कोण जमतं, कोण बोलतं आणि कोण दाराशी उभं राहतं, याबद्दल.

पुण्यात बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर एक वाडा होता. भिडेवाडा. तात्यासाहेब भिड्यांनी तिथली जागा दिली आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली तिथं मुलींची शाळा काढली. तुमच्यापैकी कुणी दगडूशेठच्या दर्शनाला गेल्या असाल तर त्या वाड्यासमोरून नक्की गेला असाल, पण तो दिसला नसेल. खाली दुकानं, वर मोडकी लाकडं आणि झाडं उगवलेल्या भिंती. स्मारक करावं म्हणून चळवळीतली माणसं वर्षानुवर्षं जानेवारीत त्या वाड्याबाहेर रस्त्यावर जमत. गाड्यांच्या आवाजात घोषणा व्हायच्या, भाषणं व्हायची. कोर्टकचेरी लांबत गेली. २०२३ साली उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालयात निकाल महापालिकेच्या बाजूनं लागला आणि त्या डिसेंबरात एका रात्रीत वाडा पाडला गेला. २०२४ च्या सप्टेंबरात स्मारकाचं भूमिपूजन झालं.

स्मारक व्हायलाच पाहिजे. पण स्मारक म्हटलं की आपल्याला पुतळा, कारंजं आणि कोनशिला दिसते. त्या शाळेत काय काय होत होतं हे माहीत असेल तरच तिथं नेमकं कशाचं स्मारक करायचं ते कळेल.

आपल्याला वाटतं, शाळा म्हणजे वर्ग, फळा, बाराखडी. फुल्यांच्या शाळांचं तसं नव्हतं. त्यांच्या शाळांच्या परीक्षा जाहीर होत. चार भिंतींच्या आत पेपर लिहिला आणि संपलं, असं नाही. गावाला बोलावणं जायचं आणि मुली सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या, प्रश्नांची उत्तरं द्यायच्या. १८५३ च्या फेब्रुवारीत अशी परीक्षा झाली, तिला सुमारे तीन हजार माणसं जमली होती, असं चरित्रकार सांगतात. तीन हजार! तेव्हाचं पुणं केवढं, आणि मुलीनं अक्षर गिरवलं तर नवरा मरतो असं मानणारी माणसं किती, याचा विचार करा. त्यातल्या कितीतरी जणांनी नातेवाइकांत नसलेल्या मुलीचा मोठ्यानं वाचणारा आवाज त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ऐकला असेल. काही जण नुसतं हसायला आले असतील. आले ना पण! कुजबुज करणाऱ्यांना परीक्षेला बोलावून घेणं ही मला त्या दोघांची फार मोठी हुशारी वाटते.

दुसरी गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. १८५२ ची संक्रांत. सावित्रीबाईंच्या पुढाकारानं पुण्यात महिला सेवा मंडळ निघालं होतं. त्या मंडळानं तिळगुळाचं हळदीकुंकू ठेवलं. अध्यक्षस्थानी कलेक्टरची बायको होती, ते जाऊ द्या, तेव्हा तसं करावं लागे. महत्त्वाचं आहे ते आमंत्रण. त्यात आधीच जाहीर केलं होतं, की कुठल्याही जातीची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू सगळ्यांना सारखंच लावलं जाईल.

हे वाचलं तेव्हा मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ‘समुदाय संघटन’ नावाचा अख्खा विषय होता आम्हाला. जाडजूड पुस्तकं, तक्ते, पायऱ्या. त्या पुस्तकांत जे होतं ते या एका आमंत्रणात आहे. नवा सण काढला नाही, बायका ज्या निमित्तानं घराबाहेर पडतातच तेच निमित्त धरलं. सासू अडवणार नाही, नवरा विचारणार नाही, कारण हळदीकुंकू आहे. आणि तिथं आल्यावर बसायचं मात्र एका जाजमावर. ज्यांना ते पटणार नव्हतं त्यांनी यायचं नाही, हेही आमंत्रणातच सांगितलेलं. फसवाफसवी नाही.

म्हणून आज खुर्च्या नाहीत. कार्यक्रमाला पाच खुर्च्या आल्या की पाच पाहुणे होतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. त्या पाचांत बाई असली तर ती शेवटच्या खुर्चीवर, सरपंच असली तरी. आणि सतरंजीवरसुद्धा कोण कुणाशेजारी बसतं ते बघायला मी दरवेळी मागे जाऊन उभी राहते. आजही बघितलं. ज्या वाड्यावस्तीतून आलो तसेच घोळके करून बसलो आहोत. चहाच्या वेळी जरा जागा बदलू या.

हळदीकुंकवाचाच विषय निघाला म्हणून सांगते. संक्रांत आठ-दहा दिवसांवर आहे. गावोगाव हळदीकुंकवं होतील, वाण लुटलं जाईल, राजकारणातले लोक साड्या वाटतील. त्यात विधवा बाई कुठे असेल? स्वयंपाकघरात, भांड्यांपाशी. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे आमच्या गावात बंद. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं मन लगेच बदलत नाही, हे मी रोज बघते. पण एखाद्या सुनेला ‘मी बांगड्या फोडू देणार नाही’ म्हणायचं असेल तर तिच्या पाठीशी गावाचा कागद असतो. कागदाचं बळ कमी समजू नका.

आता आपल्या भागाकडे येऊ.

आपल्याकडे सराई आहे, मोगलांच्या वेळची. डोंगरात लेणी आहेत. सोळा नंबरच्या लेण्यात बाल सिद्धार्थ शाळेत शिकतोय असं चित्र आहे. पर्यटक सातासमुद्रापलीकडून ते बघायला येतात. आपल्यातल्या कितीजणींनी ते पाहिलंय? हात वर करा. ...बरं. पुढे कधीतरी सगळ्याजणी मिळून जाऊ.

इथं इतका इतिहास असून मुलींच्या शाळेचा इतिहास मात्र लहान आहे आणि त्याचं कारण आहे. पुण्यात शाळा निघाली तेव्हा फर्दापूर निजामाच्या राज्यात होतं. खाली खानदेश इंग्रजांचा, आणि आपण हैदराबाद संस्थानात. पुढे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू झाली. मराठी मुलगा शिकताना धडपडत होता, मुलीचं तर विचारूच नका. खाजगी शाळा काढायची तर परवानगी, आणि सभा घ्यायची तरी परवानगी. ‘गश्ती ५३’ असा सभाबंदीचा फतवाच होता. जुनी माणसं अजून त्याचं नाव काढतात. म्हणून या मराठवाड्यात सभा भरल्या त्या गणेशोत्सवाच्या मेळ्यात, ग्रंथालयाच्या नावाखाली, भजनाच्या नावाखाली. निमित्त काढून जमायचं हे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं. फतवा गेला. पण बाईसाठी अजून एक न लिहिलेला फतवा आहेच: कुठं चाललीस, कशाला, कुणी बोलावलंय, केव्हा येशील?

अजिंठ्याहून पलीकडे बुलढाणा काही फार लांब नाही. तिथल्या ताराबाई शिंदे. वडील सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. १८८२ मध्ये तिनं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिलं. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला होता, त्यावरून वर्तमानपत्रात बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे येत होते. ताराबाई भडकली आणि तिनं पुरुषांना विचारलं, की जे दोष बाईत काढता ते तुमच्यात नाहीत का? पुस्तकावर इतकी टीका झाली की तिनं पुढे काही छापल्याचं दिसत नाही. पाठीशी उभे राहिले ते जोतीराव. मग नव्वदेक वर्षं ते पुस्तक कुणाला माहीतच नव्हतं. १९७५ साली ते पुन्हा छापलं गेलं, तेव्हा चळवळीतल्या बायकांना आपली एक आजी सापडली.

मला नेहमी वाटतं, ताराबाईला एक जाजम मिळालं असतं तर? समोर पंचवीस बायका, आणि बोलून झाल्यावर ‘अगं, माझंही असंच आहे’ म्हणणारी एखादी शेजारीण. एकट्या बाईचं लिहिणं गप्प करता येतं. पंचवीसजणींना गप्प करणं जरा जड जातं. अर्थात बायकाच बायकांना गप्प करतात हेही खरंच आहे. पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी भरलेल्या सभेत रमाबाई रानड्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं, तर घरी आल्यावर घरातल्या बायकांनी त्यांना सुनावलं. रमाबाईंनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलंय. शाळा मात्र १८८४ मध्ये निघाली, तीच हुजूरपागा, आणि ती आजही चालू आहे.

तर प्रश्न असा, की आज गावातली कुठली जागा बाईची आहे? पार पुरुषांचा. चावडी पुरुषांची. चहाच्या हॉटेलात आपण बसत नाही. देवळात चार दिवस चालत नाही, शिवाय देऊळ सगळ्या जातीधर्मांचं नसतं. पाणवठा होता, तिथं नळ आला. नळ आला ते बरंच झालं, डोईवरचा हंडा गेला, पण चार बायकांनी उभं राहून बोलायची जागाही त्याबरोबर गेली. उरली शाळा. ती जिल्हा परिषदेची, म्हणजे सगळ्यांची. इथं यायला कुणाची जात आडवी येत नाही आणि ‘पोरीच्या शाळेत मीटिंग आहे’ म्हटलं की घरातूनही सहसा कुणी अडवत नाही. फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा पोरांची आणि रात्री मोठ्यांची, शाळा अशी दोन पाळ्यांत चालू शकते.

म्हणूनच २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा आम्ही नुसता मुलींच्या चालण्याचा हिशेब मांडला नाही. तो तर आहेच. शाळा लांब गेली की पहिली घरी बसते ती मुलगी. पण तांड्यावरची, वस्तीवरची शाळा बंद झाली की बायकांची एकुलती एक सभेची जागाही बंद होते. ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आता कायद्यात काय आहे ते ऐका. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका हव्यात आणि तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण होतं काय? एका गावात मी रजिस्टर पाहिलं. महिला सभेला अडुसष्ट सह्या. बायकांना विचारलं, सभा कुठं झाली? म्हणाल्या, ‘सभा कुठली ताई, शिपाई घरी वही घेऊन आला होता.’ अडुसष्ट बायका हजर आणि एकही घरातून निघालेली नाही! सही करायला शिकलो, हे साक्षरतेच्या वर्गाचं यश. आता कशाखाली सही करतोय ते वाचून बघायचं, आणि वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला सांगायचं. तोवर वही परत.

दुसरी अडचण वेळेची. सभा सकाळी अकराला, तेव्हा आपण कापसात. संध्याकाळी सातला, तेव्हा चुलीपाशी. मग म्हणायचं, ‘बायकांना बोलावलं तरी येत नाहीत.’ ऊसतोडीला गेलेल्या बायका तर निम्मं वर्ष गावातच नसतात. त्यांच्या वाटणीचं कोण बोलणार, हेही आपल्याला ठरवावं लागेल.

तर येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्याआधी आपली सभा झाली पाहिजे. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे टी-पॉइंटला दुकानावर, हॉटेलात कामाला जाणाऱ्या बायका त्या दिवशी जरा मोकळ्या असतात. शेतातल्या बायका म्हणाल्या दुपारी तीन चालेल. म्हणून २६ च्या आधीचा सोमवार, दुपारी तीन, याच ओसरीवर. शाळा सुटायच्या आत थोडा वेळ असू दे, म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलींनाही बसता येईल. त्यांना मत नसलं तरी कान आहेत.

विषय तुम्हीच सकाळपासून सांगितलेत, मी लिहून घेतलेत. मुलींच्या मुतारीत पाणी. आठवीपुढच्या मुलींना एस.टी.ची वेळ. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे. आणि मागच्या कोपऱ्यातून एका मावशींनी हळूच सांगितलेला विषय: विधवा बायकांबद्दल हेरवाडसारखा ठराव आपण करायचा का? तो मी यादीत पहिला घेतलाय. मावशी, त्या दिवशी तो तुम्हीच वाचा. वाचता येत नसेल तर पाठ करा, आपल्याजवळ दोन आठवडे आहेत.

सतरंज्या शाळेच्या आहेत, त्या झटकून आत ठेवायला चारजणी थांबा. दादांनो, तुम्हीही. चहा झालाय.