गालातली उशिरा आलेली गाठ



इंदिरानगर, जयनगर, कोरमंगला... आमच्या बेंगळुरूच्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर स्किन क्लिनिकची पाटी दिसतेच. ओठ किंवा गाल फिलरने भरून घेणं जेवणाच्या सुट्टीत उरकतं. माझी त्याला हरकत नाही. मला बोलायचंय ते पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्याच जागी उठणाऱ्या गाठीबद्दल.

तोवर फिलर विस्मरणात गेलेलं असतं. पेशंट आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाते, मग ॲलर्जीच्या गोळ्या घेते. सासूबाई शेजारी असल्या तर विचारूनही सांगत नाही, म्हणून फिलर घेतलं होतं का, हा प्रश्न मी तिला एकटीलाच विचारते. नुकताच फ्लू झाला होता का, दाताचं काम केलं का, लस घेतली का, हेही विचारते. शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की जुनं फिलर तिच्या डोळ्यांवर येऊ शकतं. २०२० मध्ये मॉडर्ना लशीच्या चाचणीत फिलर घेतलेल्या दोघांचे चेहरे असेच सुजले होते.

मग तपासणी. हातमोजा घालून एक बोट गालाच्या आतून, अंगठा बाहेरून. गाठ गरम आणि दुखरी लागली तर संसर्गाची शंका. टणक, न दुखणारी असेल तर ग्रॅन्युलोमाची, म्हणजे परक्या वस्तूला किंवा जंतूंना घेरून बसलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या गोळ्याची. सोनोग्राफीत फिलर नेमकं कुठे आहे ते दिसतं. तरीही उलगडा झाला नाही तर बायोप्सी.

इथे आपल्या देशात फार सांभाळावं लागतं. ग्रॅन्युलोमा क्षयातही असतो, कुष्ठरोगातही. म्हणून त्या जंतूंसाठी वेगळी रंगचाचणी लावायची, क्षयासाठी कल्चर काही आठवडे ठेवायचं. फिलरला चिकटून थर करून राहणारे जंतू कल्चरमध्ये पुष्कळदा उगवतच नाहीत, त्यामुळे रिपोर्ट कोरा आला तरी मी निर्धास्त होत नाही. आणि संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत गाठीत स्टेरॉईड टोचायची घाई नको. सूज उतरेल, पण आत जंतू फोफावतील.

फिलरच्या खोक्यात नाव आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर येतं. ते मागून घ्या, फाइलला चिकटवा, कारण पुढचा उपचार फिलर कोणतं यावर ठरतो. हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर हायल्युरोनिडेज हे एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. सिलिकॉनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. तिथे कधी कधी गाठ कापूनच काढावी लागते.