नकलकारांनी राखलेला ग्रंथ



 

सोलापूरच्या भवानी पेठेत पपायरस म्हणजे काय हे समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. नाईल नदीच्या पाणथळीत उगवणाऱ्या लव्हाळ्याच्या गाभ्याच्या पट्ट्या काढायच्या, एक थर उभा लावायचा, त्यावर दुसरा आडवा, मग दाबून वाळवायचे. ताणा आणि बाणा. फरक एवढाच की येथे मागावर धागे एकमेकांतून जातात आणि तेथे पट्ट्या एकमेकींवर नुसत्या बसवल्या जातात. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या सर्वांत जुन्या प्रती अशा पानांवर लिहिलेल्या आहेत. इजिप्तच्या कोरड्या वाळूने त्या जपल्या. पॅलेस्टाईन, सीरिया, आशिया मायनर अशा ठिकाणी शुभवर्तमाने आणि पत्रे प्रथम लिहिली गेली, वाचली गेली; पण तेथल्या दमट हवेत ती टिकली नाहीत.

मत्तय, मार्क, लूक, योहान यांपैकी कोणाच्याही हातची एक ओळ आज जगात नाही. पौलाने सांगितली आणि लेखनिकाने उतरवून घेतली, ती मूळ पत्रेही नाहीत. आपल्यापाशी आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. नव्या कराराच्या एकट्या ग्रीक हस्तलिखितांची नोंद साडेपाच हजारांच्या वर गेली आहे. त्यांतली बहुसंख्य मध्ययुगातली. पहिल्या तीन शतकांतले जे हाती आहे ते बहुतेक तुकड्यांच्या रूपात.

१८९६-९७च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे ऑक्सफर्डचे दोन तरुण अभ्यासक इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या ओसाड नगराच्या उकिरड्यांवर खणू लागले. आरंभीच्या दिवसांतच मत्तयाच्या पहिल्या अध्यायाचे एक पान वर आले. त्याच्या आसपास काय होते? कराच्या पावत्या, घरगुती पत्रे, करारनामे, होमरच्या ओळी. मला या शोधातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पवित्र ग्रंथ एखाद्या सुवर्णपेटीत नव्हता. तो लोकांच्या रोजच्या कागदपत्रांत राहिला, जीर्ण झाला, आणि त्यांच्याबरोबरच टाकला गेला. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयातला योहानाच्या शुभवर्तमानाचा प्रसिद्ध तुकडा ग्रेनफेलने १९२० साली इजिप्तमध्ये विकत घेतला आणि सी. एच. रॉबर्ट्स यांनी १९३५ साली प्रसिद्ध केला. जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच आणि सहा सेंटिमीटर रुंद. एका बाजूला पिलातापुढच्या चौकशीतले काही शब्द, दुसऱ्या बाजूला त्याच प्रसंगाचे पुढचे शब्द. तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला, असे अनेक वर्षे ठामपणे सांगितले गेले. अलीकडचे अभ्यासक सावध झाले आहेत: अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवायचा तर इतका नेमका आकडा देता येत नाही, असे ते म्हणतात. मला त्यांचे म्हणणे पटते. तुकडा पंचवीस-पन्नास वर्षे अलीकडचा ठरला म्हणून त्याचे मोल उणे होत नाही.

तुकड्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर आहे, यावरूनच कळते की ती गुंडाळी नव्हती, शिवलेल्या पानांचा ग्रंथ होता. त्या काळात ग्रीक-रोमन जग साहित्य वाचत होते ते गुंडाळीवर. ख्रिस्ती मंडळ्यांनी मात्र फार लवकर दुमडून शिवलेल्या पानांचा आकार उचलला. हिशेबाच्या आणि टिपणांच्या वह्या त्या आकाराच्या असत. आपल्याकडे पोथीची पाने सुटी आणि कवितांची बाडे शिवलेली. बाड काखेत मारून माणूस गावोगाव हिंडू शकतो. पौलाच्या पत्रांचा असा एक ग्रंथ साधारण इसवी सन २००च्या सुमाराचा मानतात. मूळ १०४ पानांपैकी ८६ उरली. त्यांतली ५६ डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आणि ३० अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. एकच ग्रंथ बाजारात फुटून दोन खंडांत विखुरला.

चौथ्या शतकात चित्र पालटले. इसवी सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला होता. ग्रंथ शिपायांच्या हाती देणाऱ्यांना पुढे मंडळीत माफी द्यावी की नाही, यावरून उत्तर आफ्रिकेतली मंडळी दुभंगली. त्यानंतर काही दशकांतच व्हॅटिकन आणि सिनाई ही दोन भव्य चर्मपत्री हस्तलिखिते तयार झाली. सिनाई ग्रंथाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते: टिशेनडॉर्फ नावाचा जर्मन पंडित १८४४ साली सिनाईतल्या संत कॅथरिनच्या मठात गेला, जाळण्यासाठी टोपलीत ठेवलेली पाने त्याने वाचवली वगैरे. ही कथा टिशेनडॉर्फने सांगितलेली आहे आणि मठाला ती मान्य नाही. शतकानुशतके ज्यांनी ग्रंथ सांभाळला त्यांना अडाणी ठरवून मग तो घेऊन जायचा, हा प्रकार वसाहतींच्या इतिहासात इतक्या ठिकाणी दिसतो की मी मठाच्या बाजूने उभा राहतो. पुढे रशियात गेलेला तो ग्रंथ १९३३ साली सोव्हिएत सरकारने ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकला. आज पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई अशा चार ठिकाणी आहेत.

सिनाई ग्रंथाच्या एकेका पानावर सरासरी तीसेक दुरुस्त्या आहेत. लिहिणाऱ्यांनी केलेल्या, तपासणाऱ्यांनी केलेल्या, काही शतकांनंतरच्या वाचकांनी केलेल्या. आणि जे नाही तेही बोलते. मार्काचे शुभवर्तमान सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही ग्रंथांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी संपते. भयभीत स्त्रिया कबरेपासून पळतात आणि लेखणी थांबते. व्यभिचाराच्या आरोपाखाली येशूपुढे आणलेल्या स्त्रीचा प्रसंग योहानाच्या जुन्या पपायरसांत आणि या दोन ग्रंथांत नाही. म्हणूनच आजच्या अनेक भाषांतरांत मार्काच्या त्यापुढच्या ओव्या आणि हा प्रसंग कंसात किंवा टिपेसह छापतात.

हे ऐकून काही श्रद्धाळू मंडळी अस्वस्थ होतात, आणि धर्मावर टीका करणारे काही खूश होतात. मराठी माणसाला यात गोंधळण्याचे कारण नाही, कारण हा मार्ग आपल्या पायाखालचा आहे. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पाठांत शिरलेली अशुद्धे दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात स्वतःची ओवी कोणी घालू नये अशी कडक ताकीद दिली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटीही अशीच ताकीद आहे. म्हाइंभटांचे मूळ लीळाचरित्र नष्ट झाले. महानुभावांनी ते आठवणींतून पुन्हा उभे केले आणि निरनिराळ्या परंपरांतले पाठभेद पुसून न टाकता नोंदवून ठेवले. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त दिली, आणि १९६६ साली ते पुरे झाले. आणि आपल्या सोलापुरातच जीवराज जैन ग्रंथमालेने ‘तिलोयपण्णत्ती’सारखे प्राकृत ग्रंथ हस्तलिखितांवरून संपादित करवून छापले. पाठभेद मोजल्याने धर्म बुडाला, असे यांपैकी कोणाच्याही अनुभवाला आले नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला; म्हणजे एकनाथांची शुद्ध प्रत सिद्ध होण्याच्या पाच वर्षे आधी. साष्टीत राहून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या जीवनापर्यंतची बायबलची कथा मराठी ओवीत. १६१६ साली ते राचोलला छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. छापले ते रोमन लिपीत. देशी लिपीत छापावे अशी स्टीफन्सची फार इच्छा होती. १६०८ सालच्या पत्रात त्याने आपल्या वरिष्ठांना लिहिले की अडचण सहाशे साच्यांची आहे. साचे काही झाले नाहीत.

तीन आवृत्त्या निघाल्या, आणि आज त्यांतली एकही प्रत उपलब्ध नाही. छापखान्याने दिलेले सगळे गेले. राहिल्या त्या हाताने केलेल्या नकला. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा फतवा काढला. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराण बरोबर नेले, पिढ्यान् पिढ्या वाचले आणि पुन्हा पुन्हा उतरवून घेतले. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. साल्डाना यांनी १९०७ साली मंगळूरहून ते छापले. मग अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये विल्यम मार्सडेनच्या संग्रहात देवनागरीतली हस्तलिखिते सापडली. त्यांत पोर्तुगीज धर्मशब्दांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द आहेत. मूळ कोणते? अ‍ॅबटना देवनागरी पाठ मूळ वाटला. रोमन पाठ आधीचा आणि संस्कृत शब्द नंतर कोणा जाणत्याने घातलेले, असेही अभ्यासकांनी मांडले आहे. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. नकलकार अनोळखी शब्द सोडून ओळखीचा घेतो, हे प्रत्येक भाषेतल्या हस्तलिखितांत दिसते. पण ज्या कोणी ते शब्द बदलले त्याला मी ग्रंथ बिघडवणारा म्हणणार नाही. हा ग्रंथ मराठी कानाला परका लागू नये, अशी त्याला कळकळ होती.

शांताराम बंडेलू, कारिदाद द्रागो, नेल्सन फाल्काव यांनी हे पुराण देवनागरी वाचकांपर्यंत आणले. त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. आता हवी आहे ती सर्व ज्ञात प्रतींचे पाठभेद तळटिपांत देणारी, भांडारकरी शिस्तीची आवृत्ती.

येथे एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. स्टीफन्सचे पुराण ज्या गोव्यात घडले, त्याच गोव्यात हिंदूंचे ग्रंथ घराघरांतून जप्त झाले आणि जाळले गेले. जप्त झालेल्या पोथ्यांवरूनच मिशनरी मराठी शिकले. डायोक्लेशनच्या आगीची आठवण ज्या धर्माने जपली, त्याच्याच नावाने ही आग लावली गेली. ख्रिस्ती साहित्यिकांच्या व्यासपीठावरून हे स्पष्ट म्हटले गेले नाही, तर हस्तलिखितांबद्दलच्या आपल्या प्रेमावर कोणी विश्वास का ठेवावा?

छापील मराठी बायबलचा इतिहास तुम्ही जाणता. श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्यांचे पंडित वैजनाथ यांनी मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली काढले. पुढे मुंबईचे अमेरिकन मिशनरी आणि मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांनी हे काम चालवले. आणि पंडिता रमाबाई. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर गाडी केडगावला पोचते. तेथे मुक्तिसदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या. बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचे काम तेथल्या मुलींनी आणि बायकांनी केले. दुसऱ्या शतकातल्या इजिप्शियन नकलकारांची नावे आपल्याला कळणार नाहीत. केडगावच्या त्या बायकांची नावे शोधणे अजून आपल्या हातात आहे.

हस्तलिखिते शोधण्याच्या कामाचा नमुनाही जवळच आहे. परांडा तालुक्यातल्या डोमगावला कल्याणस्वामींच्या मठात दासबोधाची प्रत राहिली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून हिंडून रामदासी बाडे गोळा केली, ती प्रत मिळवली आणि तिच्यावरून दासबोध छापला. सरकारी खाते नव्हते, अनुदान नव्हते. सोलापूर, नगर, जालना, मिरज या भागांतल्या ख्रिस्ती घरांत आज पेट्यांमध्ये काय आहे? भजनांच्या हस्तलिखित वह्या, कीर्तनकारांची बाडे, उपदेशांची टिपणे, मोडीतली पत्रे, घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेले जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू. सोलापुरात मराठीशेजारी तेलुगू आणि कन्नड वह्याही असणार. त्या वेगळ्या काढू नका, एकाच यादीत घ्या.

या संमेलनाच्या दुपारच्या सत्रात या कामाचा ठराव येईल. तो नुसता कौतुकाचा नसावा, एवढीच माझी विनंती. प्रत्येक मंडळीने एक माणूस नेमावा, शक्यतो तरुण. त्याने घरोघर जाऊन नोंद करावी: वही कोणाची, कोणी लिहिली, केव्हा, कोणत्या लिपीत. फोटो खिडकीच्या उजेडात काढावेत, पानाची पाठही काढावी, कोरी असली तरी. वही मागून नेऊ नये. ती ज्या घरची आहे त्याच घरी राहू द्यावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे तुकडे १९५०च्या दशकात पंडितांनी चिकटपट्टीने जोडले होते आणि तिचा डिंक काढण्यात नंतरच्या लोकांची दशके गेली. लॅमिनेशन तर मुळीच नको. मोडी वाचणारे जे ज्येष्ठ आज सभागृहात आहेत, त्यांनी जेवणापूर्वी आपली नावे व्यवस्थापकांकडे द्यावीत, म्हणजे दुपारच्या सत्रात कोणत्या तालुक्याला कोण, हे ठरवता येईल.