सातपुड्याच्या पायथ्याचा शिक्षक

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, एकाच पाण्याला तीन नावे आहेत. शाळेत ते पाणी, कोरकूच्या घरात डा आणि निहालाच्या घरात जोप्पो. कोरकू ही मुंडा कुळातील, संथालीची बहीण. निहालीला तर जगात नातलगच सापडलेला नाही. बोलणारे जेमतेम २०००. जळगाव जामोदजवळच्या टेंभीत भाषापंडित येऊन गेले, ग्रंथही झाले. पण पंडिताचा ग्रंथ पहिलीतल्या मुलाच्या काय कामाचा?

त्या मुलापुढे उभा राहणारा गुरुजी बहुधा मैदानी भागातून बदलीवर आलेला असतो. त्याला मी दोष देत नाही. अध्यापक विद्यालयात तो मराठी शिकवायला शिकला, तो घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना. संस्कृतातील द्विवचनाचे आपल्याला केवढे कौतुक! कोरकू मूल ते घरूनच शिकून येते आणि वर्गात गप्प बसते म्हणून मंद ठरते.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगणारे कलम ३५०-अ राज्यघटनेत १९५६ साली आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही तेच म्हटले, मात्र 'शक्य असेल तेथवर' अशी पळवाट ठेवून. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदे स्थानिक आदिवासींतून भरण्याची अधिसूचना राज्यपालांनी २०१४ साली काढली. शेजारचा मेळघाट त्या क्षेत्रात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एकही गाव नाही. डोंगर तोच, कोरकू तोच, आडवी येते ती जिल्ह्याची हद्द.

आपल्यातलेच काही विचारतात, मराठीवाचून पोरांना नोकरी कोण देणार? आईबापही हेच विचारतात, आणि त्यांचा प्रश्न खरा आहे. मराठी हवीच. पण तिच्यापर्यंत मुलाला हाताला धरून नेणारा कोणी हवा की नको? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुले गुरांमागे जातात हे पाहून शाळाच कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथे शिक्षकाने जावे, हा विचार भाषेलाही लावला पाहिजे.

तेव्हा जिल्हा परिषदेकडे मागायचे ते असे. या दोन तालुक्यांतील बारावी झालेल्या कोरकू, निहाल मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन शिक्षणशास्त्र पदविकेला पाठवावे. ते परत येईपर्यंत पहिली-दुसरीच्या वर्गात गावातील दुभाषी साहाय्यक मानधनावर नेमावा. बदलून येणाऱ्या गुरुजींना रुजू होण्यापूर्वी निदान महिनाभर कोरकू शिकवावी. शिकवणारे पाड्यावरचेच असावेत आणि त्यांना तज्ज्ञाचे मानधन मिळावे. निवेदनाचा मसुदा शिबिर संपण्याआधी तयार करू. तो कोरकूतही वाचून दाखवावा लागेल. आपल्यापैकी किती जणांना ते जमेल?