घारापुरीचा सोमवार

घारापुरी बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी जनरेटरच्या मोजक्या तासांचाच आधार होता. म्हणजे राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या बेटावरच्या गावांतल्या मुलांना रात्रीचा अभ्यास आता कुठे हक्काचा झाला आहे. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचे संगणकाचे अभ्यासक्रम मोफत आहेत, पण ते तडीस जातात वार ठरवला तरच, आणि बेटाकडे असा वार आहे. सोमवारी लेणी बंद, पायऱ्यांवरच्या माळा-मूर्तींच्या दुकानांना गिऱ्हाईक नाही. आठवड्याचे धडे तेव्हाच उरकावेत.

कुणी म्हणेल, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडतं, वर होडीने खाडी ओलांडावी लागते. खरंच आहे. पण परीक्षा ऐच्छिक आहे, शिकणं नव्हे. आणि नेट रेंगाळलं तर ‘स्वयम्’वर तांत्रिक अभ्यासक्रम देणाऱ्या ‘एनपीटेल’चे व्हिडिओ आदल्या रात्रीच मोबाइलवर उतरवून ठेवता येतात.