सेन्सिटिव्ह की सेन्सिबल? इंग्रजी शब्दांची भावकी

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीमुळे सुचलाय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसात अप्रेझलचे दिवस होते आणि टीममधल्या एका मैत्रिणीबद्दल मला दोन ओळींचा फीडबॅक लिहायचा होता. मुलगी एकदम समंजस. रात्री दोनला सर्व्हर बसला तरी शांतपणे लॉग बघणारी. मी लिहिलं, ‘शी इज व्हेरी सेन्सिटिव्ह’. म्हणायचं होतं सेन्सिबल. आठवड्याने ती मीटिंगमधून बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, तुला मी चिडकी वाटते का? टीममधूनच आलंय म्हणे, की हिला काही बोललं की लगेच लागतं.” मी त्याच दिवशी मेल करून खुलासा केला. पण तोवर रेटिंग लॉक झालं होतं.

आता गंमत बघा, मला दोन्ही शब्द ‘येत’ होते. म्हणजे दोन्ही ‘सेन्स’वरून आलेत, एवढं येत होतं.

शब्द कुटुंबाने शिकावेत हे खरंच आहे. एक मूळ धरलं की पाच-सहा शब्द हाताला लागतात. पण कुटुंब एक म्हणजे स्वभाव एक नाही. मराठीत हे आपल्याला आपोआप कळतं. आहार, विहार, प्रहार, संहार, सगळी एकाच ‘हृ’ धातूची भावंडं. म्हणून पाहुण्यांना कुणी संहाराला बोलावत नाही! इंग्रजीत मात्र आपण मूळ बघतो आणि शेपटी सोडून देतो.

शेपटी बघायची कशी? ‘रिस्पॉन्ड’ घ्या, म्हणजे उत्तर देणं. ‘-इबल’, ‘-एबल’ लागलं की बहुतेक वेळा ‘ज्याच्या बाबतीत ते करता येतं’ असा अर्थ येतो. ज्याच्याकडे उत्तर मागता येतं तो रिस्पॉन्सिबल. आणि आपला शब्द काय? जबाबदार! जबाब म्हणजे उत्तरच की. हे लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये एकटाच हसलो होतो. ‘-इव्ह’ लागलं की ‘जो ते स्वतः करतो’. म्हणून मोबाइलच्या स्क्रीनप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारी वेबसाइट रिस्पॉन्सिव्ह. ती रिस्पॉन्सिबल नसते, ते आपण डेव्हलपर!

सेन्सिबलला मात्र हा नियम अर्ध्या वाटेवर सोडतो. त्याचा जुना अर्थ ‘जाणवण्याजोगं’ असाच होता, पुढे इंग्रजीत तो ‘समंजस’वर स्थिरावला. फ्रेंचमध्ये याच स्पेलिंगचा शब्द आजही ‘संवेदनशील’ या अर्थाने वापरतात. थोडक्यात, मी फ्रेंच असतो तर नेमकी उलटी फजिती झाली असती.

आता माझं आवडतं कुटुंब. लॅटिनमध्ये ‘म्यूतारे’ म्हणजे बदलणं. पायथॉन शिकताना पहिल्या महिन्यात कळतं की लिस्ट म्यूटेबल, म्हणजे बदलता येते, आणि टपल इम्म्यूटेबल. जीवशास्त्रात जनुकातला बदल म्हणजे म्यूटेशन. गावाकडे जमीन नावावर करताना जो फेरफार होतो, गाव नमुना ६ मधली ती नोंद, तिलाही इंग्रजीत म्यूटेशन एंट्रीच म्हणतात. फाशीची जन्मठेप झाली, तर शिक्षा ‘कम्यूट’ झाली. मग लोकलने रोज कम्यूट करतो, त्यात काय बदलतं? तर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रोजच्या सुट्या तिकिटांऐवजी एकदम कमी दराचा पास मिळायचा, भाडं ‘कम्यूट’ व्हायचं. पासवाले ते कम्यूटर. सेकंड क्लासचा पास काढून दारात लटकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

आणि झूम कॉलवरचं म्यूट? ते या भावकीतलं नाहीच. त्याचं मूळ वेगळं, अर्थ ‘मुका’. चेहरा सारखा म्हणून नातं लावू नका, आधी डिक्शनरीत उत्पत्ती बघा.

मी आता फोनच्या नोट्समध्ये मूळ लिहितो, त्याखाली भावंडं, आणि प्रत्येकापुढे स्वतःच्या कामातलं एक वाक्य. वाक्य सुचलं नाही तर तो शब्द मेलमध्ये वापरत नाही. पहिली नोंद अर्थातच ‘सेन्स’ची आहे. सेन्सिबलपुढे त्या मैत्रिणीचं नाव आहे, हे मी तिला दाखवलंय.

पुढच्या वेळी इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल घेऊ. तोवर तुमची अशी एखादी फजिती असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूच!